राउटर दोन बँडचा, प्लग एकाच बँडचा: स्मार्ट उपकरणं घरच्या वाय-फायला जोडताना

देवरुखच्या घरी ओटीवर बसून मी पहिला स्मार्ट प्लग, म्हणजे फोनवरून चालू-बंद करता येणारा प्लग, जोडायला घेतला तेव्हा दुपारचे चार वाजले होते. दिवेलागण झाली तरी प्लगवरचा निळा दिवा भराभर लुकलुकतच होता आणि फोनवरचं चक्र नव्वद टक्क्यांवर येऊन परत परत अडकत होतं. शेजारी बसलेल्या बाबांनी विचारलं, "दिवा लागतोय म्हणजे तो चालू आहे ना गं?" प्लग चालू होता. वाय-फाय चालू होतं. पासवर्डही तीनदा तपासून झाला होता.

शेवटी एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन मी पडवीच्या टोकाला गेले, फोनही तिथेच नेला, आणि पहिल्याच प्रयत्नात प्लग जोडला गेला. राउटर माजघरात, म्हणजे आम्ही त्याच्यापासून लांब गेलो होतो. लांब गेल्यावर काम झालं, ही गोष्ट मला रात्रभर खटकत राहिली. कारण कळलं तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ते जेवण एवढ्या वेळात बाकीचे दिवे, गीझर आणि कॅमेरा जोडून झाले. ज्यांची दुपार आत्ता त्या लुकलुकत्या दिव्यापुढे चालली आहे त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

अडतं कुठे

फायबरबरोबर हल्ली मिळणारा राउटर बहुधा दोन बँडचा असतो, म्हणजे रेडिओलहरींच्या दोन पट्ट्यांवर चालतो: २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्याची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांबीची, दुसऱ्याची सहाच्या आसपास. ५ गिगाहर्ट्झवर वेग भरपूर मिळतो, पण भिंती आडव्या आल्या की त्याचा जोर लवकर ओसरतो. २.४ गिगाहर्ट्झ त्या मानाने हळू, पण दोन भिंतींपलीकडेही तग धरतो.

स्मार्ट प्लग, बल्ब, स्विचबोर्डाच्या मागे बसवायचे मॉड्यूल, एसी चालवणारे रिमोट-ब्लास्टर यांच्या पोटात बहुतेक वेळा फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारी चिप असते. ईएसपी८२६६ ही एस्प्रेसिफ कंपनीची २०१४ मध्ये आलेली चिप या जातीतली सगळ्यात ओळखीची. प्लगला ‘चालू हो’, ‘बंद हो’ एवढाच निरोप घ्यायचा असतो. त्याला वेग नको, पोच हवी, आणि चिप स्वस्त हवी. त्यामुळे ५ गिगाहर्ट्झवरचं काहीही त्याला ऐकूच येत नाही.

आता जोडणी कशी होते ते पाहा. प्लगला तुमच्या वाय-फायचं नाव आणि पासवर्ड सांगायचा असतो, पण त्याला ना पडदा ना बटणं. म्हणून ॲप एक युक्ती करतं. फोन हवेत माहितीची छोटी-मोठी पाकिटं सोडतो आणि त्या पाकिटांच्या लांबीतच नाव आणि पासवर्ड गुंफलेला असतो. आतला मजकूर सांकेतिक असल्यामुळे प्लगला वाचता येत नाही, पण कुठलं पाकीट किती लांब हे तो मोजू शकतो आणि त्यावरून पासवर्ड जुळवतो. फोन ५ गिगाहर्ट्झवर असेल तर ही पाकिटं प्लगपर्यंत बहुतेक वेळा पोचतच नाहीत. दोन्ही बँडांना एकच नाव दिलेलं असलं की राउटरजवळ बसलेला फोन स्वतःहून ५ गिगाहर्ट्झ धरतो आणि आपल्याला त्याचा पत्ता लागत नाही. पडवीच्या टोकाला जांभ्याच्या दोन भिंती मध्ये आल्या, ५ गिगाहर्ट्झ क्षीण झाला, फोन मुकाट २.४ वर आला आणि काम झालं.

आधी राउटर: दोन बँडांना दोन नावं

उपकरणाच्या डब्याला हात लावण्याआधी राउटर नीट करून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.

राउटर उलटा करा. तळाच्या स्टिकरवर त्याचा पत्ता, युजरनेम आणि पासवर्ड छापलेला असतो. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जिओच्या राउटरवर १९२.१६८.२९.१. घरच्या वाय-फायवर असताना ब्राउझरमध्ये हा पत्ता टाका, आकडे मात्र इंग्रजी कीबोर्डवरचे घ्या. आत गेल्यावर ‘वायरलेस’ किंवा ‘डब्ल्यूलॅन’ असा भाग शोधा. तिथे ‘स्मार्ट कनेक्ट’ किंवा ‘बँड स्टीअरिंग’ असं काही चालू असेल तर ते बंद करा. बंद केलं की दोन्ही बँड वेगवेगळे दिसायला लागतात.

नावं देताना एक गोष्ट जपा. जुनं नाव २.४ गिगाहर्ट्झला राहू द्या आणि नवं नाव ५ गिगाहर्ट्झला द्या. समजा घरच्या नेटवर्कचं नाव ‘सावंतघर’ आहे. तर २.४ चं नाव ‘सावंतघर’च ठेवायचं आणि ५ चं ‘सावंतघर५जी’ करायचं. आधीपासून जोडलेले दिवे-प्लग जुन्या नावाने राउटरला ओळखतात, त्यांना काही कळणारही नाही. नवीन नाव टाकायचं ते फोन, लॅपटॉप आणि टीव्हीवर. त्यांना पडदा असतो, दोन मिनिटांत होतं. बरेच जण उलट करतात आणि मग स्टूल घेऊन छतावरचा एकेक बल्ब नव्याने जोडत बसतात.

हे नाव इंग्रजी अक्षरांतच असू द्या. मराठीचा अभिमान मलाही आहे, पण वाय-फायच्या नावाला जास्तीत जास्त ३२ बाइट मिळतात आणि देवनागरीचं एक अक्षर-चिन्ह तीन बाइट खातं. काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगळे मोजले जातात. ‘देशपांडे वाडा’ एवढं नावसुद्धा ३७ बाइटांचं होतं, म्हणजे मावतच नाही. मावणारं नावही काही उपकरणांना वाचता येत नाही. इमोजीचंही तेच. पासवर्ड बारा-पंधरा अक्षरांचा, अक्षरं आणि आकडे मिसळून करा. अवतरणचिन्ह, मोकळी जागा, तिरकी रेघ असली चिन्हं टाळा, काही ॲप त्यांच्यावर अडखळतात.

त्याच पानावर २.४ गिगाहर्ट्झच्या आणखी तीन गोष्टी तपासा.

सुरक्षा, म्हणजे पासवर्ड आणि मजकूर सांकेतिक करायची पद्धत, ‘डब्ल्यूपीए २ पर्सनल’, एईएस अशी ठेवा. डब्ल्यूपीए ३ हे २०१८ मध्ये आलेलं, अधिक मजबूत आहे, पण जुन्या चिपांना ते कळत नाही आणि ‘२ व ३ मिश्र’ असा पर्याय ठेवला तरी काही उपकरणं रुसतात. ५ गिगाहर्ट्झवर खुशाल डब्ल्यूपीए ३ लावा.

चॅनेल, म्हणजे बँडमधली एक छोटी पट्टी, ‘ऑटो’वर असेल तर १, ६ किंवा ११ यांपैकी एक ठरवून द्या. आपल्याकडे या बँडवर १३ चॅनेल आहेत, पण दोन शेजारी चॅनेलांमध्ये अंतर फक्त ५ मेगाहर्ट्झचं आणि एका नेटवर्कला जागा लागते २० मेगाहर्ट्झची. म्हणून एकमेकांच्या पायात न येणारी अशी तीनच उरतात. शिवाय राउटर आपणहून १२ किंवा १३ वर गेला तर परदेशी बाजारासाठी बनवलेल्या काही उपकरणांना तो दिसतच नाही. सोसायटीत राहत असाल तर वाय-फाय ॲनालायझर प्रकारचं एखादं ॲप टाकून शेजारपाजारचे राउटर कुठल्या चॅनेलवर दाटीवाटीने बसलेत ते पाहा आणि मोकळं चॅनेल घ्या.

चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० वर वेग थोडा वाढतो, पण इमारतीत त्याने शेजाऱ्यांचा आणि आपला गोंधळच जास्त होतो.

काही राउटरांवर बँड वेगळे करायची सोय सेवा देणाऱ्या कंपनीने बंद करून ठेवलेली असते. अशा वेळी दोन मार्ग आहेत. जोडणी होईपर्यंत ५ गिगाहर्ट्झ बंद करायचा आणि नंतर चालू करायचा. किंवा फक्त २.४ वर ‘गेस्ट नेटवर्क’ (पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क) सुरू करून सगळी उपकरणं कायमची त्यावर ठेवायची. मला दुसरा जास्त पटतो, का ते पुढे सांगते. मेश प्रकारच्या, म्हणजे घरभर दोन-तीन डब्या मिळून एकच नेटवर्क देणाऱ्या राउटरमध्ये ‘आयओटी नेटवर्क’ अशी स्मार्ट उपकरणांसाठीची वेगळी सोय आहे का ते त्याच्या ॲपमध्ये पाहा.

मग फोन

फोन २.४ च्या नावाला जोडा. मोबाइल डेटा बंद करा. व्हीपीएन चालू असेल तर तोही बंद. अँड्रॉइडवर लोकेशन चालू ठेवा आणि ॲपला परवानगी द्या. वाय-फायचं नाव वाचायलाच ॲपला ती परवानगी लागते, म्हणून प्लगचं ॲप लोकेशन मागतं. आयफोनवर आयओएस १४ पासून ‘लोकल नेटवर्क’ अशी वेगळी परवानगी आहे. पहिल्यांदा विचारल्यावर घाईत नकार दिला असेल तर सेटिंग्जमध्ये जाऊन ती द्यावी लागते, नाहीतर ॲप नुसतं शोधत राहतं.

ॲपचं खातं घरातल्या एका माणसाच्या नावाने उघडा आणि बाकीच्यांना ॲपमधूनच ‘सदस्य’ म्हणून घ्या. आमच्याकडे खातं बाबांचं आहे. मी पुण्यात असले तरी घर त्यांचं, किल्ल्या त्यांच्याकडे.

जोडणी

उपकरण पहिल्यांदा राउटरच्या खोलीतच जोडा. प्लग असेल तर तिथल्याच सॉकेटमध्ये, बल्ब असेल तर टेबललॅम्पमध्ये. एकदा नाव-पासवर्ड त्याच्या डोक्यात बसला की कुठेही हलवता येतो.

वीज दिल्यावर दिवा भराभर लुकलुकायला हवा, साधारण सेकंदाला दोनदा. तसं नसेल तर प्लगचं बटण पाच-सात सेकंद दाबून धरा. बल्बला बटण नसतं, त्याला स्विचने तीन किंवा पाच वेळा लागोपाठ चालू-बंद करावं लागतं. नेमका आकडा डब्यातल्या कागदावर असतो. आता ॲपमध्ये ‘उपकरण जोडा’ निवडा. ॲप वाय-फायचं नाव विचारेल तेव्हा ते २.४ चंच आहे ना हे डोळ्यांनी वाचा. ॲप फोनवरचं नाव आपणहून भरतं आणि बहुतेक चुका इथेच होतात. पासवर्ड उघडा दिसू देऊन टाइप करा, लहान-मोठं अक्षर तपासा, पुढे जा. अर्ध्या मिनिटात, फार तर दोन मिनिटांत लुकलुकणं थांबतं.

नवी उपकरणं ब्लूटूथवरून नाव-पासवर्ड घेतात. त्यात पाकिटांच्या लांबीची कसरत नसते, फोन ५ गिगाहर्ट्झवर असला तरी चालतो, मात्र टाइप करायचं नाव २.४ चंच. ब्लूटूथ चालू ठेवा, एवढंच.

नाही जमलं तर हॉटस्पॉटची वाट

भराभर लुकलुकण्याच्या पद्धतीने दोनदा जमलं नाही तर तिसऱ्यांदा तेच करू नका. प्लगचं बटण पुन्हा पाच-सात सेकंद दाबा. दिवा आता सावकाश, दोन-तीन सेकंदांतून एकदा मिचकायला लागेल. म्हणजे प्लगने स्वतःचा छोटा हॉटस्पॉट उभा केला. ॲपमध्येही ‘एपी मोड’ किंवा ‘दिवा सावकाश लुकलुकतो’ असा पर्याय निवडा. आधी घरच्या २.४ नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड भरा, मग फोनच्या वाय-फाय यादीत जाऊन प्लगचा हॉटस्पॉट निवडा. त्याचं नाव बहुधा ‘स्मार्टलाइफ’ किंवा कंपनीच्या नावाने सुरू होतं.

इथे फोन कुरकुरतो, ‘या नेटवर्कवर इंटरनेट नाही, सोडू का?’ सोडू नका, ‘राहू द्या’ म्हणा. मोबाइल डेटा चालू असेल तर फोन न विचारताच त्यावर उडी मारतो आणि निरोप अर्धवट राहतो. ॲपमध्ये परत या, थांबा. या वाटेने फोन प्लगशी थेट बोलतो, मध्ये राउटर नसतो, म्हणून दोन बँडांचा घोळ राहत नाही. हट्टी प्लगही याने बहुतेक वेळा जोडले जातात.

याही वाटेने नाही झालं तर राउटरमध्ये ‘मॅक फिल्टर’ चालू आहे का पाहा. पूर्वी कुणीतरी हौसेने लावलेला असतो आणि मग यादीबाहेरचं कुठलंच उपकरण आत येत नाही. राउटरच्या २.४ वर फक्त ‘एएक्स’ निवडलेलं असेल तर बी, जी, एन या वाय-फायच्या जुन्या पिढ्यांसह मिश्र पर्याय निवडा.

एक गैरसमज इथेच दूर करते. जोडणी झाल्यावर फोन ५ गिगाहर्ट्झवर न्यायला काहीच हरकत नाही. दोन्ही बँड एकाच राउटरचे, घर एकच. फोन ५ वर आणि प्लग २.४ वर असला तरी ॲप छान चालतं. बाहेर गेल्यावर इंटरनेटवरूनही चालतं.

पोच: भिंती, कपाटं, ओल

जोडलेला प्लग त्याच्या जागी नेल्यावर ॲपमध्ये त्याचा सिग्नल पाहा. आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. उणे ६५ च्या आत असेल तर छान, उणे ७० पर्यंत चालतं, उणे ८० ला पोचला की दिवसाआड ‘ऑफलाइन’ दिसणार.

राउटर टीव्हीच्या कपाटात दारामागे, फ्रिजवर किंवा लोखंडी कपाटाच्या आडोशाला ठेवू नका. धातू लहर परतवतो. पाण्याची टाकी लहर शोषते, आणि मायक्रोवेव्ह याच बँडवर, २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, तेव्हा त्याच्यापासूनही दूर. घराच्या मध्यावर, छातीएवढ्या उंचीवर, मोकळ्या जागी ठेवा. आमचा राउटर माजघरात टीव्हीमागे होता, तो ओटीच्या दाराच्या चौकटीवर नेला आणि मागच्या पडवीतला दिवा उणे ८१ वरून उणे ६८ वर आला. तेवढ्यासाठी दहा मीटर तार आणि चार खिळे लागले. रिपीटर (सिग्नल पुढे पोचवणारी डबी) आणण्याआधी राउटर हलवून पाहा.

विजेचा लपंडाव आणि गीझर

हा भाग वगळू नका.

वीज गेली की राउटर आणि फायबरची डबी दोन्ही चालू राहायला हव्यात. इन्व्हर्टर नसेल तर १२ व्होल्टचा छोटा राउटर-यूपीएस मिळतो. घेताना अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या, आणि दोन डब्या असतील तर दोन आउटपुट असलेला घ्या. वीज परत आली की फायबरची डबी सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. तोवर ॲपमध्ये सगळं ऑफलाइन दिसेल, घाबरून काही रीसेट करू नका. पावसाळ्यात वीज लागोपाठ चार-पाचदा आली-गेली तर बल्बला वाटतं की कुणीतरी त्याला जोडणीच्या अवस्थेत नेतंय. सकाळी तो लुकलुकताना दिसला तर तो बिघडलेला नाही, फक्त पुन्हा जोडायचा आहे.

आता गीझर. साठवणीचा गीझर साधारण २००० वॅटचा, म्हणजे २३० व्होल्टवर जवळपास ८.७ अँपिअर. इन्स्टंट गीझर ३००० वॅटचा, १३ अँपिअर. याला १६ अँपिअरचाच स्मार्ट प्लग लावा. १० अँपिअरचा प्लग तापतो, वितळूही शकतो. सॉकेट सैल असेल तर आधी इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्या, नुसता चांगला प्लग लावून भागत नाही. विहिरीच्या पंपाला प्लग लावूच नका. मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह खेचते. तिथे इलेक्ट्रिशियनने कॉन्टॅक्टर, म्हणजे जड प्रवाह झेलणारा स्विच, बसवायला हवा.

बहुतेक प्लगच्या सेटिंगमध्ये ‘वीज परत आल्यावर काय’ असा पर्याय असतो: चालू, बंद, किंवा आधी होतं तसं. गीझर आणि इस्त्रीसाठी ‘बंद’ निवडा. आमच्याकडे हा पर्याय ‘आधी होतं तसं’वर राहिला होता. आईने गीझर लावला, वीज गेली, ती वाट पाहून देवळात गेली. मागे वीज आली आणि रिकाम्या घरात गीझर दीड तास चालू राहिला. थर्मोस्टॅट शाबूत होता म्हणून निभावलं. त्या दिवसापासून गीझरच्या प्लगला ‘वीस मिनिटांनी आपोआप बंद’ असा टायमरही लावला आहे. तुम्ही दोन्ही लावा.

दिव्यांच्या बाबतीत उलटी अडचण येते. पाहुणे सवयीने भिंतीवरचा स्विच बंद करतात आणि बल्ब ऑफलाइन जातो. घरात वयस्कर माणसं असतील तर बल्बपेक्षा स्विचमागचं मॉड्यूल बरं. भिंतीवरचं बटण पूर्वीसारखंच चालतं आणि फोनवरूनही चालतं. त्याला बोर्डात न्यूट्रल तार लागते. बोर्डावर सॉकेट असेल तर ती तिथे असतेच. हे काम मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियननेच करावं.

घराची दारं

२०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या विषाणूने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, तेही त्यांचे कारखान्यातून आलेले पासवर्ड कुणी बदलले नव्हते म्हणून. राउटरच्या स्टिकरवरचा ॲडमिन पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. कॅमेऱ्याचाही बदला. ॲपच्या खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावा. कॅमेरा अंगणाकडे, दाराकडे असू द्या, आतल्या खोल्यांत नको.

गेस्ट नेटवर्क मला आवडतं ते यासाठी. दिवे आणि प्लग तिथे राहिले की त्यांच्यातलं एखादं कुणी ताब्यात घेतलं तरी लॅपटॉप आणि त्यातली कागदपत्रं दुसऱ्या दालनात सुरक्षित राहतात. इंटरनेटवरून चालणारी ॲप त्यावर नीट चालतात. फोनवरचं टीव्हीवर दाखवणं मात्र चालत नाही, म्हणून टीव्ही मुख्य नेटवर्कवरच ठेवा.

राउटर बदलताना

राउटर कधी ना कधी बदलतो. कंपनी बदलते, वीज पडून जळतो. नवीन राउटर बसवायला आलेला माणूस त्याच्या पद्धतीने नाव-पासवर्ड टाकून निघून जातो आणि घरातली सगळी उपकरणं एका क्षणात पोरकी होतात. त्याला निघू देण्याआधी सांगा, "दादा, २.४ ला आमचं जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड टाका." लहान-मोठ्या अक्षरासकट तंतोतंत तेच, आणि सुरक्षाही तीच, डब्ल्यूपीए २. उपकरणं नाव, पासवर्ड आणि सुरक्षा एवढंच पाहतात, डबी कुठल्या कंपनीची याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं.

यासाठी बाबांनी एक दोनशे पानी वही केली आहे. पहिल्या पानावर दोन्ही नेटवर्कची नावं आणि पासवर्ड, मग प्रत्येक उपकरणाला एक ओळ: कुठे लावलंय, ॲपमध्ये काय नावाने आहे, रीसेट कसं करायचं, कधी घेतलं. वही देवघराच्या फडताळात असते. मागच्या पावसाळ्यात राउटर जळला तेव्हा मी पुण्यात होते. बाबांनी नव्या राउटरवर वहीतलं नाव-पासवर्ड टाकून घेतला आणि मला फोन केला. आम्ही बोलत होतो तेवढ्यात ॲपमध्ये एकेक उपकरण परत हिरवं व्हायला लागलं, आधी ओटीवरचा दिवा, मग गीझर, आणि सगळ्यात शेवटी मागच्या पडवीतला.